वकील मोफत, मग पैसे कशाला लागतात? कुरुंदा ते वसमत कोर्ट : एक हिशोब

वसमतच्या मोंढ्यात हळदीचं माप झालं, पट्टी हातात पडली, की कुरुंद्याकडची बरीच माणसं त्याच फेरीत कोर्टाकडे वळतात. वकिलाचं मागचं देणं राहिलेलं असतं, पुढची तारीख कधीची पडली ते बघायचं असतं. कुणाचा बांधाचा वाद, कुणाची वाटणी, कुणाच्या लेकीची पोटगी, कुणाच्या पोराचा मोटारसायकलवर झालेला अपघात. आठ-नऊ महिने राबून आणलेल्या हळदीच्या पैशातला एक वाटा असा दर साली कोर्टाच्या वाटेला जातो. यातल्या अनेकांच्या बाबतीत तो जायचं कारणच नव्हतं. त्यांना सरकारी खर्चाने वकील मिळाला असता. कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

म्हणून हा हिशोब मांडतो आहे. काय फुकट, काय नाही, कुणाला आणि कसं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. मोफत वकील म्हणजे कुणाचे उपकार नव्हेत. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३९-अ आलं आणि पैशाअभावी कुणीही न्यायाला मुकू नये ही जबाबदारी शासनावर पडली. त्यावर १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू आहे. दिल्लीत राष्ट्रीय प्राधिकरण, मुंबईत राज्य प्राधिकरण, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती अशी याची उतरंड आहे. तालुका समितीचा अध्यक्ष त्या तालुक्यातला सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश असतो. म्हणजे कुरुंद्याच्या माणसाला पहिली पायरी वसमतच्या कोर्टाच्या आवारातच आहे. कुठल्या पुढाऱ्याची चिठ्ठी लागत नाही.

कुणाला मिळतो?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, पिवळं रेशनकार्ड असेल तरच मोफत वकील. कायद्याच्या कलम १२ मध्ये तसं लिहिलेलं नाही.

बाई असेल तर उत्पन्न कितीही असो, ती पात्र आहे. नवऱ्याच्या नावावर दहा एकर असली तरी पात्र आहे. अठरा वर्षांखालचं मूल पात्र आहे. अनुसूचित जाती किंवा जमातीतली व्यक्ती पात्र आहे. दिव्यांग, कारखान्यातला कामगार, वेठबिगारीचा किंवा मानवी तस्करीचा बळी, हे सगळे पात्र. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात असलेला कुणीही, मग तो श्रीमंत असो की गरीब, पात्र. यांपैकी कुणालाही उत्पन्नाचा दाखला मागण्याचं कारण नाही.

आणखी एक गट आहे, जो कुरुंद्याने नीट वाचावा. पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार किंवा औद्योगिक दुर्घटना यामुळे ज्याच्यावर हलाखी ओढवली, तोही या कलमात बसतो. २०२२च्या जुलैत कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं. १० जुलै २०२४च्या सकाळी आपल्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. अशा आपत्तीनंतर पंचनाम्यात नाव नाही, घराचं नुकसान कमी दाखवलं, विमा कंपनीने दावा फेटाळला, अशा तक्रारी उभ्या राहतात. त्या वेळी माणूस तलाठी ते तहसील अशा चकरा मारून थकतो. त्याच्या बाजूने कागद लिहायला वकील मिळू शकतो, आणि तोही फुकट, हे त्याच्या गावीही नसतं.

वरच्या कुठल्याच गटात न बसणाऱ्या पुरुषासाठी उत्पन्नाची अट आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपयांची आहे, आणि सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणासाठी ५ लाखांची. कोरडवाहू दोन-तीन एकराचा धनी या मर्यादेत सहज बसतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत रांगा लावायच्या आधी कलम १३ लक्षात ठेवा. उत्पन्नाबद्दल अर्जदाराने केलेलं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, त्यावर अविश्वास ठेवण्याचं काही कारण असेल तरच पुढची चौकशी. खोटं मात्र लिहू नका, मदत रद्द होते आणि झालेला खर्च वसूल होऊ शकतो.

काय फुकट आणि काय नाही

वकिलाची फी प्राधिकरण भरतं. कोर्ट फी, समन्स-नोटिसांच्या बजावणीचा खर्च, निकालाच्या आणि हुकमांच्या नकला, कागदपत्रांचं भाषांतर, अपिलाची छपाई, हा सगळा खर्च त्यात येतो. 'न्यायालय' या शब्दात या कायद्याने महसुली न्यायालय आणि न्यायाधिकरणंही घेतली आहेत. म्हणजे तहसीलदारापुढचा शेतरस्त्याचा वाद, उपविभागीय अधिकाऱ्यापुढचं फेरफाराचं अपील, मोटार अपघात दावा, यांतही मदत मागता येते. गावाकडचे निम्मे वाद तहसीलमध्ये अडकलेले असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

समितीच्या यादीवरच्या, म्हणजे पॅनलवरच्या, वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, असा नियम आहे. 'टायपिंगचे द्या', 'साहेबांचं बघावं लागतं', 'कारकुनाला चहापाणी' यातलं काहीही कानावर आलं, तर समितीच्या अध्यक्षांकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे साध्या कागदावर लिहून द्या. घाबरू नका, सचिव हे स्वतः न्यायाधीश असतात.

आता जे खिशातून जातं ते बघू. पहिला खर्च एसटीचा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. पोटगीसाठी तारखेला जाणारी लेक आणि तिच्यासोबत जाणारा पंचाहत्तरी ओलांडलेला आजोबा, दोघांचं मिळून एकच अर्धं तिकीट लागतं. आधारकार्ड बरोबर ठेवा.

दुसरा खर्च कागदांचा. महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. झेरॉक्स, फोटो यांचे किरकोळ पैसे लागतात. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही शंभराचा, आता पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावणारे भेटतात. त्यांना ही माफी सांगा आणि साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र करा. एका गरीब घराचे पाचशे रुपये वाचणं ही लहान गोष्ट नाही.

जमिनीचा वाद असेल तर मोजणी लागते. २०२४च्या अखेरीस लागू झालेल्या दरानुसार ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये पडतात. दावा दाखल करण्याआधी तुम्ही स्वतःहून भूमी अभिलेखकडे मागितलेली मोजणी तुमच्याच खिशातून जाते, म्हणून आधी वकिलाला विचारा आणि मगच पैसे भरा.

तिसरा खर्च सगळ्यात जड आणि तो कुणीच लिहून ठेवत नाही : बुडालेली रोजी. तारखेला गेलं की निंदणीचा, हळद काढणीचा दिवस जातो. यावर पूर्ण उपाय नाही, पण एक सवय लावून घ्या. दर तारखेला तुम्ही हजर असणं गरजेचं आहे का, हे वकिलाला स्पष्ट विचारा. दिवाणी दाव्यात पुष्कळ तारखांना पक्षकाराचं काम नसतं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. तो क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

बायकांसाठी आणखी एक सवलत आहे. पोटगी, अत्याचार आणि घटस्फोट अशा प्रकरणांत महिला पक्षकाराची कोर्ट फी राज्य शासनाने १९९४ सालीच माफ केली आहे. बाईने स्वतःच्या पसंतीचा खासगी वकील लावला तरी ही माफी लागू आहे. बहीण वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागायला निघाली की 'कोर्ट फीच झेपायची नाही तुला' असं म्हणून तिला गप्प करतात. ते खरं नाही, मोफत वकील घेतला तर तिची कोर्ट फीही प्राधिकरणच भरतं.

अर्ज कसा करायचा

वसमत कोर्टातल्या तालुका समितीकडे किंवा हिंगोलीच्या जिल्हा प्राधिकरणाकडे जा आणि अर्ज मागा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथला कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतो. नाव, पत्ता, प्रकरण काय आहे ते चार ओळींत, आणि तुम्ही कोणत्या गटात बसता त्याचा कागद एवढं पुरतं. जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र, जे लागू असेल ते. बाईला आधारकार्डावर भागतं. अर्जाला पैसे नाहीत. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांप्रमाणे अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. अर्ज दिल्याची पोच घ्यायला विसरू नका. पोच नसेल तर सात दिवस कधीपासून मोजायचे?

वसमतला जाणं जमत नसेल तर १५१०० हा क्रमांक फिरवा. ही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी आहे. नुसता सल्ला हवा असेल तर सीएससी केंद्रातून टेली-लॉ सेवेत वकिलाशी बोलता येतं, त्याचेही पैसे पडत नाहीत. नोटीस आली आहे, उत्तर द्यायचं की नाही, मुदत किती, एवढ्यासाठी हा मार्ग उत्तम.

अटक झाली तर वाट बघायची गरजच नाही. कुरुंद्यात पोलीस ठाणं आहे. शीला बारसे या पत्रकार महिलेने मुंबईच्या कोठड्यांतल्या बायकांची स्थिती सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवली होती. त्या प्रकरणात १९८३ साली न्यायालयाने सांगितलं की अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावं. हा निकाल महाराष्ट्राविरुद्धचाच आहे. घरच्यांनी ठाण्यात जाऊन नम्रपणे पण ठामपणे विचारावं, 'विधी सेवा समितीला कळवलं का?' फौजदारी प्रकरणांसाठी आता 'लोकअभिरक्षक' ही व्यवस्था आहे. २०२२ साली आणलेल्या योजनेतले हे पूर्णवेळ वकील आहेत, त्यांचं काम फक्त मोफत बचाव करणं. गुन्ह्याच्या फिर्यादीची प्रतही फिर्यादीला मोफत मिळते, तिच्यासाठी कुणाला काही देऊ नका.

'फुकटचा वकील काय लढणार?'

हा प्रश्न पारावर हमखास येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. पॅनलच्या वकिलाला मिळणारं मानधन तुटपुंजं असतं, प्रकरणं पुष्कळ असतात, आणि काही जण मन लावत नाहीत. पण पैसे घेऊन मन न लावणारेही आहेत. फरक एवढाच की मोफत व्यवस्थेत कामावर देखरेखीची समिती आहे आणि वकील बदलून मागण्याचा मार्ग आहे. दोन तारखांना वकील आलाच नाही, तर तारखा लिहून समितीकडे अर्ज द्या आणि दुसरा वकील मागा. मी तर म्हणेन, पहिल्या भेटीतच एक वही करा : तारीख, काय झालं, पुढे काय. वही ठेवणाऱ्या पक्षकाराशी वकील जपून वागतो.

लोक ज्याला 'प्रो बोनो' म्हणतात तो प्रकार याहून वेगळा आहे. मूळ लॅटिन शब्दप्रयोगाचा अर्थ लोकहितासाठी. त्यात वकील सरकारकडूनही काही घेत नाही, स्वतःचा वेळ देतो. जगभर हे काम वाढलं आहे. अमेरिकेच्या वकील संघटनेने प्रत्येक वकिलाने वर्षाला ५० तास असं काम करावं, असं आदर्श नियमांत लिहिलं आहे. न्यूयॉर्क राज्यात २०१५ पासून सनद मिळण्याआधीच ५० तासांची नोंद दाखवावी लागते. दक्षिण कोरियात कायद्यानेच वकिलांवर तासांचं बंधन आहे. आपल्याकडे मुंबईत 'बॉम्बे लीगल एड सोसायटी' १९२४ साली सुरू झाली होती, १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समितीही नेमली. १९७८च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या माणसाला निकालाची मोफत प्रत आणि अपिलासाठी वकील हा हक्क मानला. भारतीय वकील परिषदेच्या नियमांतला ४६वा नियम तर सांगतो की ज्याला फी झेपत नाही त्यालाही वकिलाची मदत मिळायला हवी आणि गरिबाला मोफत मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रती एक सर्वोच्च कर्तव्य आहे. पण त्यात तास लिहिलेले नाहीत. केंद्राची 'न्याय बंधू' ही योजना २०१७ पासून अशा स्वेच्छेने काम करणाऱ्या वकिलांना गरजूंशी जोडते. मोबाइलवर त्याचं ॲप आहे. माझं स्पष्ट मत : कुरुंद्याच्या माणसाने आधी तालुका समितीचाच दरवाजा ठोठावावा. मोठ्या शहरातला वकील मनाने कितीही चांगला असला तरी वसमतच्या प्रत्येक तारखेला उभा राहणार नाही. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर मात्र न्याय बंधू आणि औरंगाबाद खंडपीठाची विधी सेवा उपसमिती, दोन्हीकडे विचारा.

पात्र नसाल तर

समजा तुम्ही पुरुष आहात, हळद चांगली झाली, उत्पन्न ३ लाखांवर गेलं, दुसऱ्या कुठल्या गटात बसत नाही. मग खासगी वकील. फीचा ठरलेला भाव नसतो, म्हणून बोलणी टप्प्यांत करा : दावा दाखल करण्याचे किती, साक्षीपुराव्यापर्यंत किती, निकालापर्यंत किती. पावती मागा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका.

अपघाताच्या दाव्यात 'मिळेल त्यातले इतके टक्के' अशी बोली सर्रास होते. वकील परिषदेच्या २०व्या नियमाने निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत हिस्सा घ्यायला मनाई आहे. घरातला कर्ता पोरगा गेलेल्या माणसाकडून भरपाईचा चौथा हिस्सा काढून घेणं नियमाबाहेरचं तर आहेच, अन्यायाचंही आहे. अपघाताचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा आणि भरपाई थेट तुमच्या बँक खात्यात जमा होईल हे बघा. फी थकली म्हणून कागदपत्रं अडवून धरण्याचा हक्क वकिलाला नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे निकालात सांगितलं आहे.

बियाणं उगवलं नाही, पंप जळाला, अशा वादात तर वकिलाशिवायही भागतं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी शून्य आहे आणि तुम्ही स्वतः उभे राहू शकता. मुदत दोन वर्षांची. बियाण्याच्या बाबतीत पिशवी, त्यावरचं लेबल आणि पक्कं बिल जपून ठेवा, आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पंचनामा करून घ्या. पीक मोडल्यावर पंचनामा होत नाही.

लोकअदालत सगळ्यांसाठी मोफत आहे, तिथे उत्पन्न बघत नाहीत. चालू दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, दाखल न झालेला वाद नेला तर फीच लागत नाही. वर्षातून चारेक वेळा राष्ट्रीय लोकअदालत होते. बँकेचं थकलेलं कर्ज, वीजबिल, भावाभावांची वाटणी यांसाठी ती चांगली. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीचा कागद घरच्या शिकलेल्या पोरीकडून ओळन् ओळ वाचून घ्या आणि मगच अंगठा किंवा सही द्या. पटत नसेल तर 'नाही' म्हणता येतं, दावा पुन्हा कोर्टात जातो.

शेवटी सगळ्यांसाठी एक काम. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुहास चकमा या नावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विधी सेवा कार्यालयाचा पत्ता आणि फोन क्रमांक पोलीस ठाणी, पोस्ट, बसस्थानकं अशा ठिकाणी लोकांना दिसेल असा लावावा. कुरुंद्याच्या ठाण्यात, पोस्टात, बसथांब्यावर तो दिसतो का, हे या आठवड्यात एकदा बघून या. नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एवढंच रंगवून घ्या : मोफत वकील – १५१००.